उजवी पुडी

डॉक्टरांनी हंसाच्या पोटावर डाव्या हाताचं मधलं बोट आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलं. महादू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, परक्या माणसाचा हात बायकोच्या उघड्या पोटावर असताना बघणं बरं दिसत नाही म्हणून. पण कान कुठे वळवणार? बेंबीच्या डावीकडे आवाज पोकळ आला, गोल, मोकळा. वर सरकला, तिथेही मोकळाच. मग बोट उजवीकडे आलं, कमरेच्या हाडाच्या जरा वर, आणि आवाज बसला. डॉक्टरांनी तिथेच पुन्हा ठोकलं. बद्द. बोट सावकाश बरगडीकडे चढत गेलं, आणि मोकळा आवाज काही केल्या परत येईना. सावे डॉक्टरांनी हंसाचं पातळ नीट खाली ओढलं, मुलीचं ओढावं तसं, आणि हात धुवायला गेले. नळाचं पाणी फार वेळ वाहत राहिलं.

गावातल्या विठ्ठल मंदिरात महादू मिसरूड फुटायच्या आधीपासून मृदंग वाजवत होता. मृदंगाच्या उजव्या पुडीवर, म्हणजे त्या तोंडाच्या कातड्यावर, काळी शाई असते, डाव्या पुडीवर दर खेपेला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. डावी घुमते, उजवी बोलते. उजवी बसली की सगळं कीर्तन बसतं, मग बुवांचा गळा कितीही गोड असो. आणि दिवसा बोईसरच्या कारखान्यात त्याचं काम गोदामातलं होतं. पत्र्याची पिंपं ओळीने उभी, कुठलं कुठवर भरलंय ते झाकण न उघडता सांगायचं. बोटाच्या पेराने ठोकत वरून खाली यायचं. रिकामं गातं, भरलेलं गप्प बसतं, आणि जिथे आवाज बदलतो तिथे खडूची रेघ मारायची. आता त्या तपासायच्या टेबलावर झोपलेल्या आपल्या बायकोच्या पोटावर त्याच्या मनाने न विचारताच रेघ मारली. मारली, आणि ती पुसता येईना.

"ताई, तुम्ही बाहेर बाकावर बसा, जरा वारा लागेल," डॉक्टर म्हणाले. हंसा उठली, पदर सावरून भिंतीला धरत गेली. मुंबईहून काढून आणलेला बेरियमचा फोटो डॉक्टरांनी ट्यूबलाइटसमोर धरला. काळ्या फिल्मवर पांढरं आतडं, भरतीने किनाऱ्यावर टाकलेल्या दोरासारखं.

"तुझ्या भावाचा फोटो याच ट्यूबसमोर धरला होता, आठवतं?"

"व्हय."

"त्याची गाठ इथे होती. डावीकडे, शेवटच्या वळणावर. हिची इथे आहे. उजवीकडे, जिथे मोठं आतडं सुरू होतं तिथे."

"म्हंजे डावी-उजवी. यवढाच फरक ना, डागतर?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "मलाही पूर्वी एवढाच वाटायचा," ते म्हणाले.

मग ते बोलत राहिले, आणि महादू त्यांच्या टेबलावरच्या काचेखालच्या गणपतीकडे बघत ऐकत राहिला. डावीकडे वाट अरुंद, आतला मळ घट्ट; गाठ झाली की अडतं, लाल रक्त दिसतं, माणूस ओरडत दवाखान्यात येतो. उजवीकडे वाट रुंद, आतलं सगळं पातळ; गाठ मुठीएवढी झाली तरी काही अडत नाही. रक्त जातं ते मिसळून जातं. माणूस नुसता पांढरा पडत जातो. महादूला लोहाच्या गोळ्या आठवल्या. रक्त कमी आहे म्हणून गेल्या साली बाजारातल्या दवाखान्याने दिलेल्या. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, घाबरू नका, असं कंपाउंडरने सांगून ठेवलं होतं, म्हणून हंसा घाबरली नव्हती.

"पन दादाचंबी यकृतापर्यंत गेलेलं," तो बोलला. "तुमीच सांगितलेलं. ठिपका व्हता."

"होता. हिलाही आहेत. म्हणून तर तुला बसवून घेतलंय." डॉक्टरांनी चष्मा काढला. "दोघांचंही पुढे गेलेलं. आजाराचं नाव एक, औषध एक. तरी उजवीकडचे माझे पेशंट डावीकडच्यांइतके टिकत नाहीत, महादू. का, ते विचारू नकोस. पुस्तकात धड सापडत नाही. पण इतकी वर्षं मी पोटं उघडतोय आणि मला हे दोन वेगळेच आजार वाटायला लागलेत. सोमवारी मुंबईला न्यायचं की नाही ते ठरवा. कापलं तर रक्त जायचं थांबेल, अंगात थोडी ताकद येईल. त्यापुढचं मी कबूल करत नाही. काही जण न कापता घरीच राहतात, तेही चुकीचं नाही. फक्त तिला सांगून ठरवा. पोट तिचं आहे."

बाहेर बाकावर हंसा डोळे मिटून बसली होती. पापण्यांच्या आतली कडा दिसली असती तर ती पांढरी दिसली असती. डॉक्टरांनी मघाशी खालची पापणी ओढून दाखवली होती, आत शिंपल्यासारखं पांढरं. महादूची चप्पल वाजली तसे तिने डोळे उघडले.

"काय बोलला डागतर?"

"काय नाय. दादासारखंच हाय."

हे वाक्य त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून असं निघालं जसा हातातून ठेका निघतो, डोक्याला कळायच्या आत. हंसा त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. "मंग यवडा येळ आत काय करत व्हतात दोघं, भजन?"

सायकलच्या मागच्या कॅरियरवर तिला बसवून तो बोईसरहून नवापूरच्या रस्त्याला लागला. एके काळी तिच्यासकट तिची माशांची टोपली ओढताना त्याला धाप लागायची; आज सायकल नुसती पळत होती, जणू मागे कुणी नव्हतंच, आणि दोनदा मान वळवून बघावंसं वाटलं तरी तो धजला नाही. कारखान्यांचा आंबूस वास मागे पडला, खारा वारा सुरू झाला. मागून तिचा आवाज येत होता. भावजींच्या पोटावर मळाची पिशवी लावलेली, तशी आपल्यालाही लावतील. तर जुन्या लुगड्याच्या काठाची तिला खोळ शिवायची, म्हणजे चारचौघांत बरं दिसेल. भावजी सहा महिन्यांत होडीवर चढले, आपण वर्ष धरू. तवर बाजारातल्या जागेवर नलू वयनीला बसवायचं. तो "हां, हां" करत होता. सांगायचं तर इथेच सांगावं, त्याला वाटलं, इथे तिचं तोंड दिसत नाही. पुढच्या पुलावर सांगू. पूल आला. खाली खाडीचं पाणी ओहोटीने उतरलेलं, चिखलात एक होडी कलती पडलेली. पूल मागे गेला.

दादा, म्हणजे थोरला भाऊ रामा, चार वर्षांपूर्वी होळीच्या तोंडावर पडला होता. पोट फुगून मृदंगासारखं ताणलेलं, ना वारा सरत होता ना काही. आणि तो असा ओरडत होता की आळीतल्या बायकांनी देव्हाऱ्यापुढे दिवे लावले. बर्फाच्या टेम्पोत आडवा घालून त्याला मनोरच्या रस्त्याने मुंबईला नेलं तेव्हा महादू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि दादा दर खड्ड्याला ड्रायव्हरच्या आईचा उद्धार करत होता. तेव्हा ते ओरडणं अभद्र वाटलं होतं. आता कळत होतं की त्या ओरडण्यानेच दादाला वाचवलं. दुखणं बोललं. हंसाचं बोललंच नाही. ती आपली दमत गेली. टोपली आधी डोक्यावरून कमरेवर आली, मग कमरेवरून जमिनीवर. दुपारी सुकट वाळत घालताना ती बांबूच्या मांडवाला टेकून उभी राहायची आणि कुणी विचारलं की हसून म्हणायची, वय झालं. वय कुठे झालं होतं?

दादा अंगणात जाळं शिवत बसला होता. सदऱ्याखाली पिशवीचा फुगा. "काय गं हंसा," तो बोलला, "माज्या पंगतीत आलीस म्हनं? बायका टोपली डोक्यावर घेतात, मी पोटावर घेतली. सवय व्हते. फक्त घुगऱ्या खाऊ नको, कीर्तनात बुवांच्या आधी पिशवी बोलायला लागते." हंसा पदर तोंडाला लावून हसली. दादाची बायको नलू आतून पाणी घेऊन आली. बोईसरच्या बाजारातली जागा महादूच्या आईची होती. आईने ती मरताना हंसाला दिली होती, थोरल्या सुनेला नव्हे, आणि त्यावरून दोघी जावा कितीतरी महिने बोलत नव्हत्या. आता हंसाने पाणी पिता पिता सांगून टाकलं, "वयनी, वरीसभर तुमी बसा. पन वर्सानं मी माजी जागा परत घेनार, आधीच सांगते. मंग रडायचं नाय." नलू बोलली, "घे गं बाई. तुज्या जागेला काय सोनं लागलंय?" आणि सगळे हसले. महादूही हसला. त्याला वाटलं, आपण कुणाचं तरी सामान चोरून आणलंय आणि ते मधोमध ठेवून सगळे त्याच्याभोवती जेवायला बसलेत.

पुढचे दिवस त्याने गोदामात काढले. पिंपं ठोकताना हात थबकायचा. गाणाऱ्या पिंपावरून बोट खाली येत यायचं आणि आवाज बसायच्या क्षणाला त्याला डोळे मिटावेसे वाटायचे. "क्या रे मंडळी, आज ताल बिगड गया?" पलीकडच्या ओळीतला बिहारी कामगार बोलला. तो महादूला मंडळी म्हणायचा, भजनी मंडळ या शब्दातला त्याला तेवढाच यायचा. महादूने त्याला खडू फेकून मारला. आणि मग, तसाच वाकलेला असताना, त्याला कणीक आठवली.

मृदंगाची कणीक हंसा मळायची, लग्न झाल्यापासून. पोळीची कणीक वेगळी, ही वेगळी. पाण्याचा एक शिपका जास्त झाला की डावी पुडी फदफदते, कमी झाला की गोळा सुकून निघून येतो. तिच्या हाताचा गोळा पूर्वी असा यायचा की पुडीवर थापला आणि तळवा मारला की देवळाच्या खांबांतून घुमारा फिरायचा. गेलं वर्षभर तो सैल येत होता. महादू दर सप्ताहाला, दर एकादशीला तो गोळा हातात घेऊन पिठाला शिव्या देत होता. रेशनचा गहू, दुसरं काय, ओल धरलेला असणार. देवळामागे जाऊन तो गुपचूप कोरडं पीठ मिसळून घ्यायचा, तिला वाईट वाटू नये म्हणून. गव्हाला काहीच झालं नव्हतं. तिच्या मनगटातला सरत चाललेला जोर वर्षभर त्याच्या हातात येऊन सांगत होता आणि तो त्यात पीठ मिसळत होता.

शनिवारी संध्याकाळी सप्ताहातलं शेवटून दुसरं कीर्तन होतं. उमरोळीचे बुवा उभे राहिले की महादूला एरवी घरी आल्यासारखं वाटायचं. दर्यावर जाणारी, टोपल्या वाहणारी, रापलेल्या हातांची माणसं टाळ घेऊन दोन्ही बाजूंना उभी राहायची, समईची वात सरळ व्हायची, आणि बुवांनी पहिला स्वर लावला की जगात जे जे तुटलेलं आहे ते कुणीतरी हळूच जुळवायला घेतलंय असं वाटायचं. महादूने देवाला कधी काही मागितलं नव्हतं. मृदंग समोर असताना मागायचं काय? आज तो मागत होता, आणि काय मागतोय ते त्याला धड सांगता येत नव्हतं. तिला वाचव, असं तोंडावर यायचं. खाली दुसरंच काही असायचं. मला सांगायला लावू नको.

बुवांनी सीतेला वनात सोडण्याचा प्रसंग घेतला. लक्ष्मण रथ हाकतोय. रामाने काय सांगून पाठवलंय ते त्याला ठाऊक आहे, सीतेला नाही. ती बिचारी आनंदात आहे. तिला वाटतंय, आपल्याला डोहाळे लागले, वन बघायचं होतं, म्हणून स्वामींनी पाठवलं. "आणि माय काय करते?" बुवा पुढे झुकून म्हणाले. "गाठोडं सोडते. हे लुगडं अमुक ऋषीच्या बायकोला, हे तमुक ऋषीच्या. भावोजी, हा रंग शोभेल ना हो? आणि भावोजी काय म्हणतात? भावोजी मागं बघत नाहीत. भावोजी घोड्यांना म्हणतात, चला." देवळात कुणीतरी नाक ओढलं. बुवांनी हात वर केला, इथे मृदंगाने उठायचं होतं, टाळकरी थांबले होते, आणि महादूचे हात मांडीवर पडून होते. एक क्षण. दोन. बुवांनी वळून बघितलं. मग महादूने हात टाकला तो चुकीच्या जागी पडला, उजवी पुडी चिरकली, टाळांनी कशीतरी बाजू सावरली. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून हंसा बसली होती. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं नाही हे तिला दिसलं असणार, हेही त्याला कळलं.

रविवारी सकाळी काल्याचं कीर्तन. दुसऱ्या दिवशी सोमवार. तो न्हाणीतून बाहेर आला तर नलू ओट्यावर बसून रडत होती, मोठ्याने नाही, नुसतं पाणी गळत होतं. "भावजी," ती बोलली, "हंसा पाटंचंच येऊन गेली. बोलली, वयनी, जागा तुमची. परत नाय मागनार, तुमी आनि तुमच्या सुनांनी बसायचं. मी बोलले, अगं वर्सानं घेनार ना तू. तर हसली नुसती. असं का बोलली ती? तुमी तिला काय बोललात?"

"मी काय नाय बोललो," महादू म्हणाला. ते खरंच होतं, आणि तो घरात शिरला.

हंसा घरात नव्हती. ती देवळामागच्या पडवीत होती, परात पुढ्यात घेऊन कणीक मळत. वाळूवर सुकत घातलेल्या बोंबलांवरून वारा येत होता. ती मळत होती म्हणजे दोन्ही मुठी कणकेत ठेवून अंगाचा भार टाकत होती, थांबत होती, पुन्हा टाकत होती. महादू मृदंग घेऊन तिच्यासमोर बसला. कातड्याची वादी ताणायची हातोडी त्याने उगाच इकडची तिकडे ठेवली.

"नलू वयनी रडतेय," तो बोलला.

"रडू दे. जागा मिळाली म्हनून रडत असंल."

"हंसे."

"काल बुवा सांगत व्हते," ती परातीकडेच बघत बोलली, "सीतेला काय ठाव नव्हतं. मला नाय पटलं. मागं बसलेल्या बाईला पुडच्याची पाठ दिसत असते. पाठ काय खोटं बोलते? त्या दिवशी बोईसरवरनं येताना मी सगळा रस्ता तुमची पाठच बगत व्हते. पिशवीच्या खोळीचं इतकं बोलले, येकदा तरी मागं वळतील म्हनून."

"पाठीवरनं यवडं कळलं?"

"पाठीवरनं नंतर. आधी टेबलावरच कळलं." तिने कणकेने माखलेलं बोट पोटावर उजवीकडे टेकवलं. "तुमी कॅलेंडर बगत व्हतात. तुमाला वाटलं, तुमालाच आयकू आलं. अवो, वाजवलं कुनाला? इतकी वरसं तुमचा मुरदंग आयकते मी. बद्द वाजलेलं मला कळनार नाय? भावजींचं पोट माज्यासमोर वाजवलेलं त्यांनी, ते कसं दनदनत व्हतं. त्यांची बाजू आन माजी बाजू येक नाय. घरी येऊन मी सवताबी वाजवून बगितलं."

टाळकरी यायला लागले होते. पलीकडे कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. महादूने मग सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं, त्याच ओळीने. रुंद वाट, मिसळून जाणारं रक्त, यकृतातले ठिपके, उजवीकडचे टिकत नाहीत ते, कापलं तर काय आणि न कापलं तर काय ते. ती मान हलवत ऐकत राहिली, बुवांच्या निरूपणाला हलवायची तशी.

"कापल्यावर ताकद येईल बोलला?"

"थोडी. तेवडंच कबूल केलं त्यानं."

"मंग जाऊ," ती बोलली. "भावजींवानी व्हईन म्हनून नाय. नारळी पुनवेला दर्याला नारळ माज्या हातानं सोडायचा हाय, पानी कमरेपर्यंत लागलं पायजे, कुनी धरून न्हेलेलं नको. त्याच्या पुडं जे असंल ते असंल. पन येक सांगते. आता माज्यासंगं खोटा ठेका धरायचा नाय. मला चाल सोडून वाजवलेलं लगेच कळतं."

तिने कणकेचा गोळा करून त्याच्या तळहातावर ठेवला. ओला, गार, जड. दर खेपेसारखा त्याचा अंगठा त्यात रुतला, आणि दर खेपेसारखं तोंडावर आलं, झाला झकास. ते त्याने गिळलं.

"सैल हाय," तो बोलला.

"ठाव हाय मला. वरीस झालं सैल येतेय. देवळामागं जाऊन पीठ घालता ना? आळीतली कुत्रीसुदिक तुमची पांढरी बोटं बगतात." तिने परात त्याच्याकडे सरकवली. "हितं बसून घाला."

तो तिच्यासमोर मांडी घालून मळायला लागला. कोरड्या पिठाची मूठ, तळव्याची टाच, पुन्हा मूठ. ती पाण्याचा तांब्या धरून बसली होती आणि तो जास्त वाकला की बोटाने त्याचं मनगट जरा उचलत होती, बस, आता नको. गोळा त्याने डाव्या पुडीवर थापला, कडेने दाबून बसवला. तळवा मारला. घुमारा पडवीच्या कुडातून बाहेर गेला आणि सतरंजी झटकणारा माणूस थांबला.

मग त्याने मृदंग फिरवून उजवी पुडी तोंडापाशी घेतली. काल चिरकली होती ती. हातोडीने वादीखालचे लाकडी गठ्ठे हळूहळू ठोकत तो कडेकडेने फिरला, थांबला, शाईवर बोट मारलं. आतून बुवांनी पेटीवाल्याला सूर द्यायला सांगितलेलं ऐकू आलं. त्याने पुन्हा बोट मारलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला विचारलं.

"लागली?"

हंसाने डोळे मिटले. पांढऱ्या पापण्या, त्याखाली हलणारी बुबुळं. पेटीचा सूर येत होता, तिने तो ऐकून घेतला, मग त्याचा.

"नाय अजून," ती म्हणाली. "वाजवा परत."